काळ्यावर पांढरे : स्टिकरसाठी मुद्रणपद्धतीची निवड



लिहिण्याच्या क्रियेला मराठीत ‘पांढऱ्यावर काळे करणे’ असे म्हणतात. मुद्रणाचा व्यवहारही याच क्रमाने चालत आला आहे. 1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्याच शिळाछापाच्या तत्त्वातून पुढे आलेले ऑफसेट यंत्र आजही पांढऱ्या कागदावर गडद शाई उमटविण्यासाठीच योजलेले असते. परंतु नागपूर जिल्ह्यातील एखादा महिला बचत गट भिवापुरी मिरचीच्या तिखटासाठी किंवा संत्र्याच्या मुरंब्यासाठी काळ्या स्टिकरवर नाजूक पांढरी नक्षी मागतो, तेव्हा हा क्रम उलटतो आणि अडचणींना आरंभ होतो.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील मजकूर स्पष्ट, ठळक व सहज वाचता येण्याजोगा असावा, असे 2020 च्या अन्नसुरक्षा लेबलविषयक विनियमांचे बंधन आहे. पांढरी अक्षरे शाईने बुजली, तर घटकपदार्थ व तारीख वाचता येत नाही, माल अडून राहतो आणि गटाने काटकसरीने साठविलेला पैसा वाया जातो. ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकांची आणि शाळेच्या साहित्यावरील खुणांची गतीही अशीच होते.

पांढरा रंग येतो कोठून?

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. नेहमीच्या छपाईत पांढरा रंग छापलाच जात नाही. जेथे शाई लागत नाही तेथे कागदाचा पांढरेपणा दिसतो, एवढेच. कार्यालयातील सर्वसाधारण लेझर यंत्रात पांढरी पूड नसते. त्यात काळा कागद घालून पांढरे अक्षर मागितले, तर कागद कोराच बाहेर येतो. ऑफसेटवर पांढरी शाई वापरली, तरी तिचा थर एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा पातळ असतो. त्यातून खालचा काळा रंग डोकावतो आणि पांढऱ्याचा राखाडी होतो.

यास्तव मार्ग दोनच उरतात. पांढऱ्यावर काळे छापून नक्षी कोरी सोडणे, अथवा काळ्यावर पांढऱ्याचा पुरेसा जाड थर चढविणे. राज्याच्या पश्चिम टोकाला वारली चित्रकार गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा लेप देऊन रेषा काढतात, तो हा दुसरा मार्ग होय.

पहिला मार्ग : पांढरे सोडणे

संख्या हजारांच्या घरात असेल आणि स्टिकर घराच्या किंवा दुकानाच्या आत राहणार असेल, तर हा मार्ग किफायतशीर ठरतो. बारीक रेषाही यात साधतात. मात्र शाई किंचित पसरते आणि देवनागरीची गाठ, अनुस्वार, उकार व जोडाक्षरे यांतील पोकळी बुजते. म्हणून अक्षरांचा आकार थोडा मोठा व वळण ठसठशीत असावे. काळा रंग शक्यतो एकाच काळ्या शाईचा असावा. चार रंग मिसळून तो केल्यास, रंग एकमेकांवर अचूक न बसल्यामुळे पांढऱ्या रेषांना रंगीत कडा येतात. काळी छपाई कापण्याच्या रेषेबाहेर सुमारे 3 मिलिमीटर न्यावी, नाही तर कडेला पांढरी किनार दिसते. ओरखड्याने खालचा पांढरा थर उघडा पडू नये म्हणून वरून पारदर्शक आवरण देणे इष्ट.

दुसरा मार्ग : पांढरे चढविणे

यात स्क्रीन प्रिंटिंगचे स्थान मोठे आहे. ताणलेल्या जाळीतून शाई दाबून उतरविली जाते. तिचा थर ऑफसेटच्या कितीतरी पट जाड असतो आणि टायटॅनियम डायऑक्साइडयुक्त पांढरी शाई काळ्याला पुरेपूर झाकते. येथे निवड जाळीची असते. सेंटिमीटरला सुमारे 77 धाग्यांची जाळी दाट पांढरा रंग देते. सुमारे 120 धाग्यांची जाळी नाजूक रेषा देते, परंतु शाई कमी सोडते. पाव मिलिमीटरहून बारीक रेषेचा आग्रह न धरणे श्रेयस्कर. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई जाळीतच वाळून बारीक छिद्रे बंद होतात. त्यासाठी वाळणे मंदावणारे द्रावण वापरावे, किंवा काम सकाळच्या वेळी उरकावे.

प्रत पन्नासाच्या आत हवी असेल, किंवा प्रत्येक स्टिकरवर वेगळे नाव असेल, तर पांढरी शाई असलेले डिजिटल यंत्र सोयीचे. तेथे जाळीचा खर्च नाही. मात्र संख्या वाढली तरी दर फारसा उतरत नाही. जड पांढरे रंगद्रव्य तळाशी बसते, म्हणून शाई घुसळली जाते काय, हे विचारावे आणि पांढऱ्याचे दोन थर मागावेत. केवळ अनुक्रमांक व तारखा छापावयाच्या असल्यास पांढऱ्या रिबनचे थर्मल यंत्रही पुरते.

मागणीपत्रात काय असावे?

केवळ ‘काळे स्टिकर, पांढरी छपाई’ असे लिहून दरपत्रके मागविली, की प्रत्येक मुद्रक निराळ्या पद्धतीचा दर देतो आणि सर्वांत कमी दराची तुलना निरर्थक ठरते. म्हणून संख्या, आकार, सर्वांत बारीक रेषेची जाडी, छपाईची पद्धत, कागद की व्हिनाइल, आणि स्टिकर उन्हात राहणार की सावलीत, हे सारे नमूद करावे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. काळा पृष्ठभाग त्याहूनही तापतो, डिंक सैल पडतो आणि कडा सुटतात. बाहेरच्या वापरासाठी कागदाऐवजी व्हिनाइलच घ्यावे. क्यूआर संकेत पांढऱ्या चौकटीत काळ्यानेच छापावा, कारण उलट रंगातील संकेत काही यंत्रे वाचू शकत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संगणकाच्या पडद्यावरील चित्राला मान्यता देऊ नये. पडदा प्रकाशाने पांढरा दिसतो, स्टिकर शाईने. प्रत्यक्ष साहित्यावरील एक नमुना छापून घ्यावा, तो हातभर अंतरावर धरावा आणि गावातील एखाद्या वयस्क व्यक्तीकडून वाचून घ्यावा. तिला तारीख अडखळल्याविना वाचता आली, तरच पुढील छपाईस संमती द्यावी. एका नमुन्याचा हा अल्प खर्च गटाचे संपूर्ण भांडवल सुरक्षित राखतो.