नेपथ्य : एका शब्दाचा प्रवास



नाटकाच्या जाहिरातीत लेखक-दिग्दर्शकांच्या नावांखाली 'नेपथ्य' हा शब्द आपण नेहमी वाचतो. पडदा वर गेला की दिसणारा दिवाणखाना, जिना, खिडकी हे ज्याने उभे केले तो नेपथ्यकार, असे आपण समजतो. आणि आजच्या मराठीत ते बरोबरच आहे. पण हाच अर्थ घेऊन कोणी कालिदासाकडे गेला, तर त्याची चांगलीच फसगत होईल.

'शाकुंतला'च्या आरंभीच सूत्रधार नटीला हाक मारतो, की नेपथ्य आटोपले असेल तर इकडे ये. नटी काही आत देखावे रंगवीत बसलेली नव्हती! येथे नेपथ्य म्हणजे वेश, साजशृंगार. पुढे राजा हरणावर बाण सोडणार, तोच 'नेपथ्ये' आवाज उठतो, की हा आश्रमाचा मृग आहे, मारू नये. येथे तोच शब्द जागा दाखवितो: नट सजतात ती पडद्यामागची जागा. चौथ्या अंकातला दुर्वासाचा शापही तेथूनच येतो. साऱ्या नाटकाला कलाटणी देणारा हा ऋषी प्रेक्षकांना दिसतच नाही.

मग मराठीने शब्द बिघडविला काय? काही पंडित तसे म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. भरताने नाट्यशास्त्रात नेपथ्याचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत अलंकार आणि अंगरचना आहेत, तसेच 'पुस्त'ही आहे. पुस्त म्हणजे डोंगर, रथ, विमाने यांच्या प्रतिकृती. म्हणजे आजच्या अर्थाचे बीज भरतापाशीच सापडते. वेशभूषा आणि रंगभूषा ही निराळी खाती झाली, आणि नेपथ्याकडे मराठीत एवढा एकच वाटा उरला. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. रंगविलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या खोलीसारखी मांडणी करण्याकडे आपले नाटक वळले, तसे त्या वाट्याचे महत्त्वही वाढले.

अडचण येते ती भाषांतरात. हिंदीत 'नेपथ्य में' म्हणजे आजही पडद्याआड. तो शब्द, किंवा संस्कृतातले 'नेपथ्ये', मराठीत जसाच्या तसा उतरविणे हा निव्वळ आळस होय. जुन्या मराठी नाटकांतली 'पडद्यात' ही साधी सूचना हाताशी असताना तो कशाला? नाहीतर आजच्या वाचकाला दुर्वास रंगविलेल्या झाडांत उभा दिसायचा.