पाऊस मोजायला पोरं बांधावर न्या



एका मृगात मी स्वतः ‘पेरा’ म्हणालो. पाऊस मोजला होता तालुक्याला. त्या गावच्या शिवारात नुसती वरची ढेकळं भिजलेली. लोकांवर दुबार पेरणी आली. तेव्हापासून गावोगाव गुरुजींना गळ घालतो – वर्ग बांधावर न्या. सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा झाडापासून दूर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पोरांनी आतलं पाणी पट्टीनं मोजावं, शाळेच्या फळ्यावर लिहावं, डबा रिता करावा. सांडलं तर ‘सांडलं’ लिहा, अंदाजाचा आकडा नको. सुट्टीत तरुण मंडळानं मोजावं. १ मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १० हजार लिटर. हे गणित पोरं बांधावर चटकन शिकतात. फळ्यावरची बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाली, ओल खोल उतरली, की मगच तिफण जुंपा.