उशाशी बसणारं माणूस

आज मी आजाऱ्याविषयी बोलणार नाही. आजाऱ्याच्या उशाशी जे माणूस बसतं, त्याच्याविषयी बोलणार आहे. त्याची विचारपूस कोणी करीत नाही. सगळे येतात, खाटेकडे पाहतात, आणि त्याच्याच हातचा चहा पिऊन जातात!

माझ्या घरचीच हकिकत सांगतो. माझ्या थोरल्या भावाला तोंडाचा कर्करोग झाला. दादाला तंबाखूची सवय. गालात जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. परळला टाटांचं इस्पितळ आहे. १९४१ साली ते सुरू झालं. पार बिहार-बंगालातले रोगी तिथं येतात.

दादाला शेक द्यायचं ठरलं. शेक म्हणजे विस्तवाचा नव्हे बरं का! यंत्रातून किरण सोडतात. आठवड्याचे पाच दिवस, असं सहा-सात आठवडे चालतं. तेवढे दिवस मुंबईत राहायचं कुठं? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाचे गावोगावचे रोगी आणि त्यांची माणसं तिथं उतरतात. दादा-वहिनी तिथं राहिले.

शेकानं दादाचं तोंड आलं. घास गिळवेना. वहिनी पेज करायच्या, गाळायच्या, चमच्या-चमच्यानं पाजायच्या. एकदा दादानं वाटी भिरकावली. वहिनींनी भिंतीवरची पेज पुसली आणि दुसरी करायला घेतली.

गावी आल्यावर शेजारणी पोरांना घरात पाठवीनात. रोग चिकटेल म्हणे! मंडळी, कर्करोग शिवल्यानं होत नाही. एका ताटात जेवल्यानंही होत नाही.

आणि आम्ही भावंडं? पाहुण्यासारखी जायचो. मी तर, "वहिनी, हे द्या, ते द्या," असं सांगून यायचो. शहाणपण सांगायला पैसे पडत नाहीत.

एके दिवशी पाण्याची कळशी घेऊन वहिनी ओट्यावरच पडल्या. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारलं, "कालपासून काय खाल्लंत?" वहिनींना आठवेना. "झोपलात कधी?" तेही आठवेना.

बाई मला म्हणाल्या, "या दमल्यात. घरात रात्रीचं जागतं कोण कोण?"

मी मान खाली घातली.

त्याच दिवशी वाटणी केली. एक रात्र मी, एक रात्र धाकटा. दुपारची भाकरी बहिणीकडून. औषधाच्या वेळा दादाच्या पोरीनं वहीत लिहायच्या. पहिल्या रात्री वहिनी सारख्या उठून बघत. "भावजी, तुम्हांला नाही जमायचं!" खरंच जमत नव्हतं. निम्मी पेज मी सांडली. तिसऱ्या रात्री मात्र वहिनी झोपल्या, त्या उन्हं आल्यावर उठल्या. उठल्या आणि रडायलाच लागल्या. जणू काही चोरी केली!

बायांचं हे असंच असतं. घरात दुखणं असताना आपण पोटभर जेवलो, हसलो, तर पाप वाटतं. अहो, पाप कसलं? दिवा जळायचा तर तेल नको का?

आणि शेजाऱ्यांनो, "काही लागलं तर सांगा," एवढंच म्हणून उठू नका. ते माणूस सांगत नसतं. त्याचं दळण आणून द्या. त्याच्या गुरांना पाणी दाखवा.

दादा पुढं दीड वर्ष जगला. आमची वाटणी शेवटपर्यंत चालली. संध्याकाळी वहिनी तासभर देवळात भजनाला जात. दादाच पाठवी. शेवटी त्याला बोलता येत नसे. मग तो वहिनींकडे बघे आणि हातानं दाराकडे खूण करी.