पिंजऱ्यात बिबट्या, बाहेर आपण

बेलापूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. प्रवरेच्या काठाला ऊस तिथं बिबट्या, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. वर्षभर रान उभं, पाणी जवळ, कुत्री-डुकरं भरपूर. मादी तिथंच विते, पिल्लं तिथंच डोळे उघडतात.

थंडीत आमच्या गटाच्या कर्जातून घेतलेल्या तीन शेळ्या आठवड्यात गेल्या. सह्यांचा अर्ज आम्हीच दिला, पिंजरा लावा म्हणून. पाचव्या दिवशी पहाटे मादी अडकली.

तिला बघून आधी हायसं वाटलं. मग उजाडलं आणि सगळं गाव लोटलं. कुणी काठीनं डिवचतंय, कुणी मोबाइल गजांना टेकवतंय, पोरं डबे वाजवतायत. मादी गजांवर धडका घेत होती, तोंडातून रक्त येत होतं. वस्तीवरचा एक पोरगा फोटोसाठी पुढं वाकला. पंजा कधी बाहेर आला ते कुणालाच दिसलं नाही, मनगटापासून कोपरापर्यंत हात फाटला. दवाखान्यात टाके पडले, शिवाय रेबीजची इंजेक्शनं. इतके महिने मोकळ्या बिबट्यानं त्या वस्तीवर माणसाला ओरखडा काढला नव्हता.

गाडीबरोबर बिबट्यांची देखभाल करणारे एक दादा आले होते. ते म्हणाले, "बाहेर असताना त्याला पळायला जागा असते, म्हणून तो पळतो. आत जागा नाही, म्हणून तो अंगावर येतो." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "ताई, गर्दी तुम्हीच हटवा. आमचं ऐकत नाहीत." आम्ही अकराजणींनी हातात हात घालून कडं केलं आणि लोकांना पन्नास पावलं मागं रेटलं. त्यात सासरे-दीरही होते, पण त्या दिवशी कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. दादांनी पिंजऱ्यावर ताडपत्री टाकली. अंधार झाला तशी मादी थोड्या वेळात खाली बसली.

चहा पिताना त्यांनी आपलं काम सांगितलं. बिबट्याच्या खोलीला दोन भाग असतात. आधी जनावर पलीकडे घ्यायचं, मधला दरवाजा पाडायचा, कुलूप लावायचं, ओढून बघायचं, मगच झाडायला आत जायचं. एकट्यानं कधीच नाही. दहा वर्षं खायला घातलेल्या जनावरालाही पाठ दाखवायची नाही. भुलीचं इंजेक्शन दिलेलं जनावरसुद्धा गोंगाटानं दचकून उठतं. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "इतक्या वर्षांत माया नाही लागत?" ते म्हणाले, "मला लागते. त्याला नाही, हे मी रोज स्वतःला सांगतो."

आम्ही म्हटलं, मग हिला लांब जंगलात सोडा. तेव्हा त्यांनी जुन्नरचं सांगितलं. तिथं २००१ नंतर बिबटे धरून दुसरीकडे सोडायचा सपाटा लागला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेलेले दिसले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि इथली मोकळी जागा दुसरा बिबट्या घेतो. कायमचं कोंडायचं तर जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण तिथं तरी किती मावणार?

आणि ही तर दूधवाली होती. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि शेजारच्या फडातली तोड थांबवायला सांगितलं. टोळीतल्या बायांची आमची ओळख, म्हणून निरोप आम्ही नेला. दुपारी त्यांनाच सरीत दोन पिल्लं दिसली. मांजरीएवढी. एकीनं पोटाशी धरलं होतं, "नेते घरी, दूध पाजते." तिला समजावलं, की हे पिल्लू चार महिन्यांत कोंबडी मारील आणि वर्षात पोराला भारी पडेल. शिवाय बिबट्या पाळणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पिल्लू दिसलं तर हात न लावता बाजूला व्हा आणि १९२६ वर वनखात्याला फोन करा.

संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवली. जवळच मादीचा पिंजरा आणला. वस्तीवरचे दिवे बंद, आम्ही सगळ्या दारं लावून आत. गाडीत बसून दोरीनं दरवाजा वर ओढला. सकाळी क्रेट रिकामं होतं, ओल्या मातीत पावलं उसाकडे गेलेली.

शेळ्या गेलेल्या आमच्या बाईला हे पटलेलं नाही. ती पुढच्या बैठकीत म्हणाली, "तिची पोरं तिला मिळाली, माझ्या शेळ्या?" तिचं खोटं नाही. भरपाईचा अर्ज आम्ही तिच्याबरोबर जाऊन दिलाय, दोन हप्ते पुढं ढकललेत. आणि गटाच्या पैशातून तिच्या गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारायला घेतलीय. दाराची कडी अजून बसायचीय, लोहार उद्या येतो म्हणालाय.