कणा आणि श्वास



२९ मे १९६५ रोजी मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. त्याच वर्षीच्या भारत-पाक युद्धात बंदुकीची गोळी त्यांच्या पाठीच्या कण्यात शिरली आणि त्यांचे चालणे कायमचे थांबले. पुढे इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे त्यांनी उपचार घेतले. तशी संस्था आपल्याही देशात असावी, या ध्यासातून त्यांनी दिल्लीत वसंत कुंज येथे ‘इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर’ उभारले. २०२२ मध्ये ते निवर्तले.

कण्याला मार लागला म्हणजे पाय गेले, अशी आपली समजूत असते. परंतु मानेतील मज्जारज्जू दुखावला, तर आरंभीच्या दिवसांत जिवाला मोठा धोका असतो तो श्वासाचा. फुप्फुसांत पाणी साचते. व्यवहारात ‘छातीत पाणी झाले’ असे आपण म्हणतो, ते बहुधा फुप्फुसाच्या आवरणात साठते. हे पाणी मात्र प्रत्यक्ष वायुकोशांत झिरपते.

जखम कण्याला, मग पाणी फुप्फुसात कसे? आघाताच्या क्षणी अनुकंपी मज्जासंस्था एकाएकी खवळते. सर्वांगातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्ताचा लोंढा फुप्फुसांकडे लोटतो. तेथील नाजूक केशवाहिन्यांना तो दाब सोसत नाही. त्यांच्यातून द्रव पाझरू लागतो. थोड्या वेळाने उलट घडते. मेंदूचा ताबा सुटल्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात व रक्तदाब घसरतो. तो सावरण्यासाठी सलाइन द्यावे लागते. पण त्याचे प्रमाण अधिक झाले, तर तेही फुप्फुसांतच उतरते. म्हणून सलाइनचा थेंब न् थेंब मोजला जातो.

येथे दिल्लीच्याच एका शास्त्रज्ञाचे स्मरण होते. दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातील वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. अवतार सिंग पैंटल संशोधन करीत असत. केशवाहिन्या व वायुकोश यांच्यामधील जागेत द्रव वाढू लागताच जागे होणारे सूक्ष्म मज्जाग्र त्यांनी शोधून काढले; १९६९ मध्ये त्याविषयीचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ‘जे’ ग्राहक या नावाने ते जगभर ओळखले जातात. त्यांचा संदेश ‘व्हेगस’ नामक मज्जातंतूतून मेंदूकडे जातो, आणि हा तंतू मज्जारज्जूला वगळून थेट कवटीत शिरतो.

याचा अर्थ फार हृदयद्रावक आहे. मानेतील रज्जू तुटला, तरी फुप्फुसाची हाक मेंदूला पोहोचते. परंतु मेंदूची आज्ञा बरगड्यांमधील व पोटाच्या स्नायूंना पोहोचत नाही. श्वासपटल एकटेच राबते. रुग्णाला जोराने खोकताही येत नाही, त्यामुळे कफही साचत जातो.

म्हणूनच दोन गोष्टी ध्यानी असाव्यात. रस्त्यावर अपघात झालेल्या माणसाला हातपाय धरून कदापि उचलू नये. मान सरळ व स्थिर ठेवून, फळीवरून, जाणत्या माणसांच्या हातांनी त्याला न्यावे. आणि रुग्ण क्षीण स्वरात ‘श्वास पुरत नाही’ म्हणाला, श्वास उथळ व भरभर होऊ लागला, अथवा तोंडाला गुलाबी फेस आला, तर ‘घाबरला असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नये. तत्क्षणी डॉक्टरांना बोलवावे. ज्याचे सारे अंग मुके झाले आहे, त्याच्या छातीतील ही एक हाक तरी आपण ऐकली पाहिजे.