मांडव्याचा अविनाश

आज बोलायचंय आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेबद्दल. आपल्याच जिल्ह्याचा पोरगा.

आईवडील शेतात आणि वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटरवर, गाडीघोड्याची सोय नाही, म्हणून तो चालत-पळत जायचा. (एवढ्याच अंतरापायी आपल्या किती पोरींची शाळा सुटते, हे तुम्हाला काय सांगायचं!) बारावीनंतर तो फौजेत भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. शर्यतीकडे वळला तो २०१५ साली, विशी ओलांडल्यावर.

त्याची शर्यत स्टीपलचेस. तीन हजार मीटर पळायचं, त्यात २८ अडथळे आणि शिवाय ७ वेळा पाण्यावरची उडी. अडथळा तीन फूट उंच आणि चांगला जड. पाय अडकला तर तो पडत नाही, पळणारा पडतो.

१९९८पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच न्यायचा. २०२२ला बर्मिंगहॅममध्ये अविनाशनं त्यातलं रौप्य आणलं. सोनं हुकलं सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला, चीनमधल्या आशियाई स्पर्धेत मात्र सोनंच.

दुसऱ्या दिवशी तिथंच बायकांची स्टीपलचेस झाली. मेरठकडची शेतकऱ्याची लेक पारुल चौधरी हिला रौप्य, आपल्याच देशाच्या प्रीती लांबाला कांस्य. बायकांचा अडथळा अर्धा फूट बुटका असतो. पळायचं अंतर तेवढंच.