रक्ताची साक्ष आणि ताटातील अन्न

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मूल जेवत नाही, ही घरोघरच्या आईची जुनी काळजी. तिच्याच शेजारी आता दुसरी काळजी येऊन बसली आहे : मुलाचे वजन वाढते आहे. या काळजीवर बाजारात एक सोपे उत्तर मिळते. थोडे रक्त द्यावे आणि वजन वाढवणाऱ्या पदार्थांची यादी घ्यावी. रक्त अशी साक्ष देऊ शकते काय, हा आजचा प्रश्न आहे.

अशा बहुतेक चाचण्या रक्तातील आयजीजी नावाची प्रतिपिंडे मोजतात. एखादे अन्न वारंवार पोटात गेले की शरीर त्याची ओळख ठेवते. ही प्रतिपिंडे त्या ओळखीची खूण होत. रायपूरच्या घरात भात रोज शिजतो, न्याहारीला पोहे किंवा चीला असतो, दूध-पोळी तर ठरलेलीच. अहवालात नेमकी हीच नावे ठळक उमटली, तर त्यात नवल नाही. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली स्पष्ट केले, की आयजीजी४ चाचणीवरून अन्नाची अ‍ॅलर्जी वा असह्यता ठरवू नये. वजनाचा निवाडा तर त्याहून दूरची गोष्ट.

मग यादी पाळणाऱ्या काहींचे वजन उतरते, ते कसे? यादीतून गहू आणि दूध गेले, की त्यांच्यासोबत बिस्किटे, केक, मिठाई आणि आइस्क्रीमही जातात. एकूण ऊर्जा घटते, म्हणून वजन घटते. श्रेय मात्र चाचणीला मिळते.

रक्ततपासणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. टीएसएचवरून थायरॉईडची मंदता कळते, एचबीए१सीवरून गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची आहारपद्धती स्वीकारताना अनेक मराठी कुटुंबांनी उपाशीपोटी इन्सुलिनही तपासून घेतले. या चाचण्या शरीराची स्थिती सांगतात. अपराधी पदार्थाचे नाव सांगत नाहीत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कमी स्निग्धांशाचा आहार कोणाला मानवेल आणि कमी कर्बोदकांचा कोणाला, हे इन्सुलिनवरून किंवा जनुकांवरून ओळखता आले नाही. दोन्ही गटांचे वजन सरासरी पाच-सहा किलोंनी उतरले.

वजनाचा काटादेखील अर्धेच सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी दडलेली असू शकते, हे त्यातून उमगले. म्हणून काट्याबरोबर कंबरेचे मापही घ्यावे.

खरा धोका वाढत्या वयाच्या मुलांना आहे. एका कागदाच्या भरवशावर त्यांच्या ताटातून दूध, अंडी, डाळ आणि पोळी काढली, तर हाडांना कॅल्शियम आणि स्नायूंना प्रथिने कोठून मिळणार? तिकडे शीतपेये आणि तळलेली पाकिटे घरात येतच राहतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार. अन्न खाताच अंगावर गांधी उठत असतील, श्वास अडकत असेल किंवा पोट सतत बिघडत असेल, तर डॉक्टरांकडे अवश्य जावे. तेथे त्या आजाराची योग्य चाचणी होते.

वजनाचे कारण शोधायचे असेल, तर आठवडाभर एक साधी वही ठेवावी. काय खाल्ले, किती खाल्ले, तेल किती लागले, मूल किती वेळ खेळले, कधी झोपले, हे तिच्यात लिहावे. संध्याकाळी मुलाबरोबर तेलीबांधा तलावाकाठी फेरफटका मारावा. रक्ताला जे विचारून कळत नाही, ते या वहीत दिसू लागेल, आणि मुलाचे दूध-भाताचे ताट विनाकारण रिकामे होणार नाही.